घंटी कुठं लावायची

जगदेव इलेक्ट्रिकवाल्यानं तारेचं भेंडोळं नव्या घराच्या उंबऱ्यापाशी ठेवलं आणि विचारलं, "घंटी कुठी लावाची?"

"माह्या घरी," जानराव म्हणाले.

घर माणिकरावांचं होतं. जानराव त्यांचे मोठे भाऊ. वास्तुशांतीला लोक हंडा देतात, भिंतीवरचं घड्याळ देतात. जानरावांनी धाकट्या भावाला चोरघंटी दिली होती. कारंज्याच्या एका कापसाच्या सेठकडे त्यांनी ती पाहिली होती. चोराचा पाय दारातल्या फळीवर पडला की घंटी तिकडे चौकीदाराच्या खोलीत वाजते, चोराला पत्ता नाही. मालेगावात अशी घंटी कुणाकडे नव्हती. तसा चौकीदारही नव्हता. पण जानराव पेन्शनीत निघाले होते आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला आपल्या ओट्यावर दिवसभर बसून असत.

जगदेवनं घरावर नजर फिरवली. रेडिओ, शिवणयंत्र, दोन ट्रंका.

"चोरानं न्यावं असं काय हाय पन?"

"घर तं हाय ना," जानराव म्हणाले.

माणिकरावांची बायको लिलाबाई स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. भासऱ्यांसमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, यायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही, हा रिवाज ती लग्न झाल्यापासून पाळत होती. भासरे बैठकीत बसले की ती आत अडकायची. मागचं दार नव्हतं. बांधकाम चालू असताना जानरावांनीच ते बुजवायला लावलं होतं. चोर मागून येतात म्हणून.

जानरावांच्या जुन्या घरात सगळे एकत्र राहत असताना उंबरा ओलांडायचा तर कुठं चालली, कायले चालली, हे जानरावांच्या बायकोला, भागिरथाबाईला, सांगावं लागे. नव्या घरात कुणी विचारत नव्हतं. परवा तर लिलाबाई काही काम नसताना बाजाराच्या रस्त्यापर्यंत जाऊन आली होती.

"जगदेवभाऊ," आतून आवाज आला, "त्याइले विचारा, घंटी याच घरात वाजली तं नाही चालत काय?"

जानराव दारापासून दोन हातांच्या अंतरावर बसले होते. त्यांनी शब्दन् शब्द ऐकला आणि जगदेवकडे पाहत थांबले. जगदेवनं तोच प्रश्न पुन्हा म्हटला. मग जानरावांना तो ऐकू आला.

"इथंच वाजून काय फायदा? मानिक हापिसात असते. घरात एकटं बाईमानूस. चोर काय भेते तिले?"

आतही हे ऐकू गेलंच होतं. तरी जगदेव दाराकडे तोंड करून म्हणाला, "ते नाही म्हनतात."

"मंग शेजारी गोमतीबाईकडं लावा म्हना. भिंतीले भिंत हाय."

"शेजारी लावा म्हनतात," जगदेव म्हणाला.

"आपली घंटी लोकाच्या घरी?" जानराव भावाकडे वळले. "तुह्यं काय म्हननं हाय?"

माणिकराव बाजार समितीत कारकून होते. व्यापारी आणि शेतकरी यांच्यामधे बसून कुणाचीच बाजू न घ्यायची त्यांना नोकरीतून सवय लागली होती. "दादाचं बराबर हाय," ते म्हणाले. "आन तिचंबी काही चूक नाही." मग ते पंख्याकडे पाहू लागले. पंखा अजून बसायचा होता; वर नुसता हूक होता.

"पन भाऊ, एक आयका," जगदेव म्हणाला. "फळीवर पाय पडला का वाजन. आत येनारा असो का बाहेर जानारा. तारेले चोर कोनता आन घरचं मानूस कोनतं, हे समजत नाही."

"मले समजते," जानराव म्हणाले.

मग लिलाबाई म्हणाली, "रातीच चालू ठेवा म्हना. दिवसा बंद."

जगदेवनं तेवढं पोचवलं.

"चोर काय घड्याळ पाहून येते?" जानराव म्हणाले. विषय संपला.

तार खांबावरून, मग गल्लीतल्या कडुनिंबावरून जानरावांच्या ओट्यापर्यंत गेली. फळी उंबऱ्याच्या आत बसली, वर पायपुसणं आलं. फळी दाराएवढी रुंद होती आणि तिला ओलांडायचं तर उडी मारावी लागली असती. लुगड्यात उडी मारता येत नाही.

घंटी ऐकायला जानराव माणिकरावांना घेऊन आपल्या घरी गेले. जाताना जगदेवला बजावून गेले, "एकच डाव वाजव."

बैठक रिकामी झाली तशी लिलाबाई बाहेर आली.

"वयनी, तुमीच पाय ठेवा," जगदेव म्हणाला. "रोज तुमचाच पडन."

तिनं उजवा पाय फळीवर ठेवला. गल्लीच्या त्या टोकाला घंटी खणखणली.

"झालं. उचला."

तिनं उचलला नाही.

ओट्यावरून जानरावांनी एक हात हलवला: ऐकू आली. मग दोन्ही हात हलवले: पुरे. भागिरथाबाई कानांवर हात ठेवून बाहेर आली. माणिकराव घंटीकडे पाहत होते, मग भावाकडे, मग कडुनिंबाकडे. गोमतीबाईनं खिडकीतून डोकं काढलं.

"वयनी, सेल उतरतीन ना," जगदेव म्हणाला. घंटी थांबेना. सवयीनं त्यानं मान तिच्याकडे कलती केली. "काय सांगू त्याइले?"

"तुमी नका सांगू."

जानराव ओटा उतरले आणि वहाणा न घालताच नव्या घराकडे निघाले. भासरे येताना दिसले, तसा लिलाबाईनं पदर कपाळाखाली ओढून घेतला आणि रिवाजाप्रमाणे तोंड भिंतीकडे केलं. पाय फळीवरच होता.