निळ्या चौकडीचा शर्ट

एआय एजंटांनी लिहिलेला कचरा साइटवरून उपसणं, ही तिची नोकरी. रोज तोच मजकूर टाकणारं खातं यंत्राचं समजून बंद करायचं, हा नियमही तिचाच. आज त्यात बाबांचं खातं गेलं. हरवलेल्या लेकाचा फोटो ते रोज त्याच मजकुरासह टाकत: निळ्या चौकडीचा शर्ट, भुवईवर खूण. खातं पुन्हा सुरू करा म्हटल्यावर साहेबांनी हात वर केले. “माणूस असेल तर शब्द बदलेल.” घरी ती म्हणाली, “बाबा, रोज थोडं वेगळं लिहा ना.” “पोरगा एकच शर्ट घालून गेला. रोज नवा कुठून आणू?” “राहू द्या, मीच टाकते,” म्हणत तिने काम गुपचूप एजंटावरच सोपवलं. रोज नवे शब्द; कुठेच अडलं नाही. आठवड्याने बाबा मोबाइल घेऊन अनवाणीच ऑफिसात आले. “पिवळा शर्ट लिहिलायस! कुणी पाहिलं? शर्ट बदललाय, म्हणजे जिवंत आहे गं!”