तपासणीची ब्लँकेटं

आरतीचे दात वाजत होते. केशरबाईला तो आवाज वॉर्डाच्या दारातूनच ऐकू आला.

आरोग्य केंद्रात त्या दिवशी कुटुंब नियोजनाचं शिबिर होतं. एकोणीस बायकांची ऑपरेशनं झाली. खाटा सहा. उरलेल्या तेरा जणींना फरशीवर, एकेका सतरंजीवर ओळीनं निजवलं होतं. आरती, केशरबाईची सून, शेवटून तिसरी. भूल अजून पुरती उतरली नव्हती. कर्जत तालुक्यात चार दिवस थंडीची लाट होती. दुपारीसुद्धा वारं अंगाला झोंबत होतं, आणि आता ऊन कलल्यावर फरशीला हात लाववत नव्हता.

केशरबाईनं आपली शाल आरतीवर टाकली. तिचे पाय हातात घेऊन चोळायला लागली. शेजारच्या सतरंजीवर विशी-बाविशीची एक मुलगी होती. तिच्यासोबत कुणी दिसत नव्हतं. ती त्या शालीकडं बघत होती.

स्टोअरच्या खिडकीतून लाल ब्लँकेटांची थप्पी दिसत होती. सगळी नवी, प्लॅस्टिकमधली. केशरबाई किल्ली मागायला भागवतकडं गेली. केंद्राच्या स्टोअरचा ताबा त्याच्याकडं होता. तो म्हणाला, ती सोमवारच्या तपासणीची ब्लँकेटं आहेत, वरून पथक येणार आहे, घडी मोडलेली चालायची नाही. बायकांनी घरून पांघरूण आणायचं असं गावोगावच्या आशाताईंनी सांगितलंच होतं. हे सगळं त्यानं मोबाईलमधून मान वर न करता सांगितलं. फारच वाटत असेल तर डॉक्टरांना विचारा, म्हणाला.

डॉक्टर मयेकर देवगडकडचे. चार महिन्यांपूर्वी इथं आले होते. दार उघडं होतं आणि ते फोनवर आईशी बोलत होते, म्हणून केशरबाई उंबऱ्याशी थांबली. यंदा तिकडं समुद्रकाठीसुद्धा कधी नव्हे ती थंडी पडली होती. माणसं किनाऱ्यावर शेकोट्या करून बसत होती म्हणे. पहाटे अंगणात जाऊ नकोस, असं डॉक्टर आईला बजावत होते. दोन गोधड्या घे, पायात मोजे घाल, लादीवर अनवाणी फिरू नकोस. मोजे खरंच घातलेस का, हे त्यांनी दोनदा विचारलं.

त्यांनी फोन ठेवल्यावर केशरबाईनं ब्लँकेटांचं सांगितलं. डॉक्टरांनी कपाळ चोळलं. सकाळपासून ते उभेच होते, एकोणीस ऑपरेशनं त्यांनीच केली होती. स्टोअर आपल्या हातात नाही, ब्लँकेटं काढू नका असं वरून लेखी आलंय, असं त्यांनी सांगितलं.

"मी तरी काय करू, मावशी?"

"तुमच्या आईनं फोन केला, तुमी मोजं घालाया सांगितलं. चांगलं केलं," केशरबाई म्हणाली. "ह्या बायांनाबी लेकरं हायती, डॉक्टर. पर लई बारकी हायती. त्यास्नी फोन करता येत न्हाई."

डॉक्टरांच्या उत्तरासाठी ती थांबली नाही.

व्हरांड्याचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला एक दगड लावलेला होता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि स्टोअरच्या कुलपावर घातला. पहिल्या घावाला नुसता आवाज झाला. तिसऱ्या घावाला कोयंडा कुलपासकट निसटून खाली पडला. व्हरांड्यात लेकरं घेऊन बसलेल्या सासवा, आया उठून उभ्या राहिल्या. भागवत धावत आला. ही सरकारी मालमत्ता आहे, पोलिसांत देईन, असं म्हणत तो दारात आडवा झाला. केशरबाईनं त्याला हातानं बाजूला केलं. ते इतकं सहज झालं की तो बाजूला झालासुद्धा.

मग बाकीच्या बायका आत शिरल्या. प्लॅस्टिक दातांनी फाडलं. केशरबाईनं पहिलं ब्लँकेट शेजारच्या मुलीवर घातलं आणि तिच्या मानेखाली दाबून बसवलं. मुलीनं डोळे मिटले आणि तिला रडू फुटलं. एकेक करत ओळ लाल होत गेली. आरतीची पाळी सगळ्यांत शेवटी आली.

कागद आणि पेन घेऊन भागवत वॉर्डाच्या दारात उभा राहिला. कुलूप कुणी तोडलं ते आता लेखी लागेल, म्हणाला. तेवढ्यात डॉक्टर मयेकर तिथं आले. त्यांनी ती लाल ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली.

"माझ्या सांगण्यावरून तोडलं असं लिहा," ते हळू आवाजात भागवतला म्हणाले.

"का म्हनून?" केशरबाई उठली. राग अजून तिच्या तोंडावर तसाच होता. "तुमी सांगितलं न्हाई. सांगाया पायजे हुतं. आता खोटं लिवू नका. माझं नाव लिवा."

भागवतनं तिचं नाव लिहिलं, गाव लिहिलं. वीस-बावीस वर्षं इथं शिबिरं होतात, असं तो लिहिता लिहिता पुटपुटला. दर साली थंडीतच होतात. आजवर एका बाईची तक्रार आली नाही.

"न्हाईच यायची," केशरबाई म्हणाली. "माझं ऑपरेशन हितंच झालं. त्या खिडकीखाली फरशीवर निजले हुते. सासू रातभर दाराशी बसून हुती. लई चांगली बाई. कुनाला एक शबूद बोलली न्हाई."

आणि तिनं सही करायला पेन मागून घेतलं.