ठरायचं राहिलेलं मत

मंगळावरच्या वसाहतीची ही दुसरीच निवडणूक. मतदान उद्या होतं, पण मनगटावरची कडी मनातलं मत वाचत होती आणि चौकातल्या फलकावर आकडे आजच झळकत होते: चारशे बारा विरुद्ध चारशे बारा. फक्त बायजाबाईंचं ठरायचं होतं. दारासमोर दोन्हीकडची माणसं काठ्या घेऊन बसली होती.

"आत्या, कुणाचाच विचार आणू नका मनात," सून म्हणाली.

"तीन दिवस तेच करतेय गं. पाढे म्हणून म्हणून घसा बसला."

सुनेनं नळाचं पाणी दिलं. बायजाबाईंनी घोट घेतला. हा नळ चंद्रकलेनं आणला, उमेदवार नव्हती तेव्हा, एवढंच त्यांना आठवलं.

बाहेर गुलाल उधळला. तो खाली बसायच्या आत पहिली काठी कुणाच्या तरी डोक्यात बसली होती.