वाट पाहणारं माणूस

त्रिशूरच्या शालेय कलोत्सवात सगळी गर्दी नाचाच्या मंडपात लोटली होती. कथालेखन स्पर्धेच्या वर्गाबाहेर उन्हात एकच आई उभी होती, हातात छत्री आणि ताकाची बाटली घेऊन. आत मुलांना ऐनवेळी विषय मिळाला, 'वाट पाहणारं माणूस'.

निकाल लागला. परीक्षक भार्गवी टीचरनी पहिल्या आलेल्या निवेद्याला जवळ ओढलं. "ती छत्री, ते ताक, सारखं घड्याळात बघणं... रडवलंस की गं पोरी! कुठाय तुझी आई? बोलाव, फोटो काढू."

निवेद्याने दाराकडे पाहिलं. नंबर हुकलेल्या ॲनमेरीचे डोळे ती छत्रीवाली बाई ओढणीने पुसत होती.

"ती ॲनमेरीची आई, टीचर. मला फक्त खिडकीजवळची जागा मिळाली होती."