बोटांना न बोचणारी गिटार

“स्टीलच्या तारांची नको. फुकट दिलीस तरी नको,” फिटर काउंटरवर बोट आपटत म्हणाला. “मित्राची तसली गिटार आणून वाजवायचा आमचा पोरगा. बोटं सोलून निघाली त्याची.”

“मग नायलॉनच्या तारांची बघू या, काका,” दुकानदार म्हणाला.

“काका? अरे, आरशात बघ जरा! निम्मं डोकं पिकलंय तुझं, आणि काका कुणाला म्हणतोस?”

“सवय आहे हो.” दुकानदार हसला आणि त्याने खुर्ची पुढे सरकवली. “बसा तरी.”

बसायला वेळ कुणाला होता! फिटरच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. पोरगा संध्याकाळच्या बसने निघणार. दूरच्या कुठल्याशा कारखान्यात चिकटणार. आणि हे सगळं कशामुळे, तर बापाच्या एका वाक्यामुळे. “तुणतुणं वाजवून पोट भरतं का?” एवढंच तो बोलला होता. कुठला बाप बोलत नाही? पण पोराने ते असं मनाला लावून घेतलं की विचारता सोय नाही. आधी वाजवणं सोडलं, मग बोलणं सोडलं, आता घर सोडायला निघाला. आज त्याच्या हातात गिटार पडली नाही, तर पोरगा कायमचा तुटणार, हे फिटरला लख्ख दिसत होतं.

“आणि वायर जोडायची सोय पाहिजे,” तो म्हणाला. “कार्यक्रमात वाजवायची म्हटलं तर मागे बसलेल्यांना ऐकू जायला नको? नायलॉनचा आवाज मवाळ असतो, तूच म्हणालास ना?”

“म्हणालो असेन,” दुकानदार म्हणाला.

त्याने भिंतीवरून तीन गिटारी उतरवल्या. पहिलीचं लाकूड असं झळकत होतं की फिटरने हातच मागे घेतला. “ही नेली तर महिनाभर घरात नुसतं संगीत खावं लागेल. ठेव वर.”

दुसरी अगदीच स्वस्तातली. स्पीकरला जोडल्याबरोबर ती तापल्या तेलात पाणी पडल्यासारखी तडतडली. “हिला दवाखान्यात ने,” फिटर म्हणाला.

तिसरी दिसायला साधी होती. ना नक्षी, ना चकाकी. फिटरने ती उचलली, एक डोळा मिटला आणि दांडीवरून नजर फिरवली, कामावर लोखंडी सळई बघायचा तशी. दांडी सरळ होती. अंगठ्याने एक तार दाबून पाहिली. बोचली नाही. दुसरी दाबली. तीही नाही. त्याचा चेहरा एकदम सैलावला.

“वाजव बघू.”

दुकानदाराने वायर जोडली, आवाज बेताचा ठेवला आणि तो वाजवायला लागला. काय वाजवलं ते फिटरला कळलं नाही. त्याला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण ऐकताना त्याने उगाच खिडकीबाहेर पाहिलं.

“चांगलं वाजवतोस की रे! कुणी शिकवलं?”

“माझा मीच शिकलो.”

“तुझा बाप नशीबवान.”

दुकानदार खाली मान घालून खुंटी पिळत बसला. सूर तर चांगला लागला होता. मग त्याने विचारलं, “पोराला काय सांगणार, देताना?”

“सांगायचं काय त्यात? आमची जीभ मेली कामाच्या वेळी उचलत नाही.” फिटरने गिटारीवर हात फिरवला. “म्हणेन, वाजव. चुकलं माझं. पोट भरेल न भरेल, पुढचं पुढे बघू. तू वाजव, मी ऐकत बसतो.”

“पुन्हा एकदा म्हणा ना.”

“का रे? ऐकू कमी येतं?”

“म्हणा हो.”

“तू वाजव, मी ऐकत बसतो,” फिटर म्हणाला. दुकानदाराने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला. माणूस जरा विचित्रच आहे, असं फिटरला वाटलं, पण वाईट नसावा.

त्याने खिशातून घडी घातलेल्या नोटा काढून पुढे केल्या. दुकानदाराने त्या तशाच गल्ल्यात टाकल्या.

“अरे, मोजून तरी घे!”

“तुमचे बरोबरच असतात.”

“असा धंदा केलास तर दुकानाला टाळं लागेल, सांगून ठेवतो.” फिटर उठला. गुडघे कुरकुरले. “चल, दे बांधून. बस चुकेल त्याची.”

तो दारापर्यंत गेला आणि थबकला. रस्ता उन्हात पसरला होता. स्टँड डावीकडे की उजवीकडे? डावीकडेच असणार. पण डावीकडे तर कधी न पाहिलेली उंच इमारत उभी होती. तो मागे वळला. दुकानदार त्याची गिटार परत भिंतीवर अडकवत होता.

“अरे! ती माझी ना?”

“तुमचीच. कुणाला विकणार नाही.”

“मग दे लवकर! तो गेला तर? एकदा गेला की नाही रे येणार तो. हट्टी आहे, माझ्यासारखा.” फिटरचा आवाज फाटला. त्याने दुकानदाराची बाही धरली. “मला भेटेल ना पोरगा?”

“भेटला, बाबा,” दुकानदार म्हणाला आणि त्याने फिटरला हळूच आतल्या जिन्याकडे वळवलं. “चला आता वर, आई जेवायची थांबलीय.”