कस्तुराबाईंचा अंगठा

"वाचा की, गुरुजी," कस्तुराबाई म्हणाल्या. "थांबला का?"

खंडोबाच्या देवळातल्या ओवरीत बसलेल्या महांतप्पा गुरुजींनी चष्मा पुसला. तुरुंगातून आलेल्या वहीतल्या चौथ्या कवितेपाशी ते थांबले होते. कस्तुराबाईंच्या मुलानं, सिद्धारामनं लिहिलं होतं:

दोराला रोज लोणी चोळतात,
देवाला रोज भंडारा.
दोघंही गप्प राहतात
माझं नाव निघालं की.

"लई नासका निघाला," कस्तुराबाई म्हणाल्या. "देवाला बी सोडंना."

सिद्धाराम गुरुजींच्याच शेतावर सालगडी होता. सहा वर्षांपूर्वी शेजारच्या मळ्यात म्हातारा, म्हातारी आणि त्यांची नात अशा तिघांचा खून झाला, आणि त्याला फाशी लागली. रक्तानं माखून पळताना त्याला पाहणारा साक्षीदार एकच, महांतप्पा गुरुजी. चाळीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलेला माणूस. त्याच्या शब्दावर शंका कोण घेणार?

आता दयेचा अर्ज करायचा होता. मुदत सोमवारपर्यंत. पण सिद्धारामनं कळवलं होतं, आधी आईचा अंगठा, मग माझी सही. जन्म दिलेल्या बाईलाच मी खुनी वाटतो, तर राष्ट्रपतींपुढं कशाला तोंड वेंगाडू?

म्हणून गुरुजींनीच कस्तुराबाईंना त्यांच्या गावाहून, तेरखेड्याहून बोलावून घेतलं होतं. शाईचं पॅड खिशात तयार होतं. गाव म्हणत होतं, साक्ष देणाराच दया मागतोय, देवमाणूस आहे. ते ऐकलं की गुरुजींना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटे.

"पोटचा गोळा आहे, बाई," ते म्हणाले.

"व्हय. म्हणून तर तवा तुमच्या पाया पडले. म्हणलं, कोर्टातलं ऱ्हाऊ द्या, देवापुढं बेलभंडार उचलून सांगा. शाकंभरीचं नवरात्र हुतं, तुळजापूर करून आले हुते म्या. तुमी उचलला." कस्तुराबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "गाभाऱ्याला पडदा हुता. देव इसावा घेतोय म्हणला तुमी. पडद्याआडून का हुईना, खंडोबा ऐकत हुता. बेलभंडार उचलून खोटं बोलंल त्याचा निर्वंश हुतो. तुमचा ल्योक रणधीर तर धडधाकट हाय. मंग माझंच पोर खोटं."

रणधीर खाली रस्त्यावर पालखीसाठी पताका बांधत होता. सहा वर्षांत तो त्या मळ्याच्या वाटेला एकदाही गेला नव्हता. गुरुजींनी नजर वहीत घातली.

"माणसाचे डोळे आहेत, बाई. अंधारात चूक होऊ शकते."

"देवापुढं न्हाय हूत." कस्तुराबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "खंडोबाच्या वर म्या कोण? न्हाय जमायचं. पाया पडते न् येष्टी धरते."

"आत नका जाऊ आज," गुरुजी घाईघाईनं म्हणाले. "धुवायचं काम चाललंय."

तोवर त्या उंबऱ्यापाशी पोचल्या होत्या. पडदा उतरवलेला होता. धुळाप्पा गुरव वाकून दगडी सिंहासन घासत होता. सिंहासनावर काही नव्हतं.

"देव कुठं गेला?"

"पलीकडच्या गावाला," धुळाप्पा हात न थांबवता म्हणाला. "मूर्ती एक आन् गावं दोन. वर्साकाठी दोन महिने तिकडं ऱ्हातो. आज शाकंभरी पुनवंला माघारी येतो."

"आन् शाकंभरीच्या नवरात्रात?"

"नवरात्रात हितं कुठला देव? नुसता पडदा असतो. गावातल्या बारक्या पोराला बी ठावं हाय."

कस्तुराबाई पाया न पडताच मागं फिरल्या. ओवरीत आल्या आणि गुरुजींसमोर उजवा अंगठा धरला.

"शाई काढा, गुरुजी."