ओळख

कित्येक महिने हॉस्पिटलात काढून देवेश घरी आला, तेव्हा आमची अबोली माझ्यामागे लपली. केस गेलेला, निम्मा झालेला, घोगऱ्या आवाजाचा माणूस तिला बाबा वाटेचना. त्याच आठवड्यात इथं कॅनडात, वॉन शहरातल्या तिच्या शाळेत, वर्गशिक्षिका शोशनाबाईंनी प्राचीन ग्रीक महाकाव्यातली गोष्ट सांगितली. भिकाऱ्याच्या वेशात परतलेल्या राजाला कोणीच ओळखत नाही, पण पाय धुताना म्हाताऱ्या दाईला त्याचा जुना वण दिसतो. घरी येताच अबोलीनं टबात कोमट पाणी आणलं. “पाय दे.” देवेशनं पायजमा वर केला. तिला सायकल शिकवताना फुटलेल्या गुडघ्यावरचा वण तिनं बोटानं चाचपला. “इट्स यू!” म्हणत ती त्याच्या गळ्यात पडली. दुसऱ्या दिवशी आभार मानायला मी शाळेत गेले आणि वर्गाच्या दारातच रडू लागले. मूळच्या अलिबागच्या शोशनाबाईंनी हात धरला. “रडा हो. वर्गाला अजून वेळ आहे.”